पिंजऱ्याबाहेरचा रोबो आणि माझा उजवा हात

हे मी फोनला बोलून टाईप करतोय आणि नंतर डाव्या हाताच्या एका बोटाने दुरुस्त करतोय, तर कुठे काही भलतंच राहिलं असेल तर समजून घ्या. फोनला माझं बोलणं अजून नीट कळत नाही, रोबो म्हटलं की दोनदा त्याने रोप लिहिलं. असो. अर्धांगाच्या झटक्याने माझा उजवा हात गेला, त्याच्या व्यायामासाठी मी एका रोबोवर जात होतो. बऱ्याच जणांनी विचारलं की त्याचं पुढे काय झालं, फरक पडतो का, आमच्या वडलांना न्यावं का. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी माझी आणि रोबोची ओळख सांगतो. मी एकोणतीस वर्षं मेंटेनन्सला काढली, त्यातली शेवटची बारा चाकणच्या एका कंपनीच्या वेल्ड शॉपमध्ये. तिथे रोबो पिंजऱ्यात असतो. चारी बाजूंनी जाळी, दाराला इंटरलॉक म्हणजे दार उघडलं की रोबो बंद, पुढे लाइट कर्टन म्हणजे प्रकाशाचा पडदा, कुणी आडवं आलं की रोबो थांबतो, आणि आत जायचं असेल तर आधी पॉवर बंद, आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, चावी खिशात, मग आत पाय. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो की हा तुला ओळखत नाही बाबा, तू मध्ये आलास काय नि नाही काय, तो ठरलेल्या जागी जाणार म्हणजे जाणार. आणि जो माणूस जन्मभर हे सांगत आला त्याला एक पंचवीस-सव्वीस वर्षांची फिजिओ मॅडम म्हणते, काका, हात द्या इकडे, मी पट्टे बांधते. माझी पहिली नजर गेली ती इमर्जन्सी स्टॉप कुठाय तिकडे. लाल बटण होतं, पण तिच्या बाजूला. मी म्हटलं ते माझ्या डाव्या हाताशी ठेवा, मग बसतो. ठेवलं बिचारीने.

झटका आला तो मागच्या वर्षी फेब्रुवारीत. सकाळी उठलो तोच हात बधिर, वाटलं अंगाखाली आला असेल, बेसिनपाशी ब्रश दोनदा पडला, तिसऱ्यांदा उचलायला वाकलो तर मीच खाली. बायकोला वाटलं पित्त झालं, लिंबूपाणी दिलं, ते ओठाच्या कडेने गळलं. मग कोपऱ्यावरचे डॉक्टर, मग रिक्षा, मग ट्रॅफिक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ते झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि माझा तर झोपेत कधी सुरू झाला हेच कुणाला सांगता येईना. बीपीची गोळी मी चार महिने आधी आपल्या मनाने बंद केली होती, बरं वाटतंय म्हणून. यावर जास्त लिहीत नाही, घरात भरपूर बोलून झालंय.

पाय परत आला. दोन महिन्यांत काठी घेऊन सोसायटीला चक्कर मारायला लागलो. हात मात्र राहिला, आणि त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण मला उठवायला म्हणून तोच हात धरून ओढायचा. खांद्याचे स्नायू तेव्हा सैल पडलेले असतात, सांधा नुसता लोंबत असतो, त्या ओढाओढीत तो खाली सरकला आणि पुढे तीन महिने रात्री झोप नाही. एवढं एक लक्षात ठेवा, झटका आलेल्या माणसाला त्या हाताला धरून उठवू नका. पारव्याचं रक्त चोळा म्हणून सांगणारेही तीन जण भेटले, त्यातला एक इंजिनिअर.

हळूहळू हातात थोडी जान आली पण ती विचित्र. हात पुढे करायला जावं तर खांदा कानाकडे वर जातो, कोपर दुमडतं आणि मूठ गच्च वळते, तिन्ही एकदम. मी मॅडमना म्हटलं हे तर वायरिंग शॉर्ट झाल्यासारखं आहे, एक बटण दाबलं की तीन मोटरी सुरू. त्या म्हणाल्या काका, अगदी तसंच आहे, याला आम्ही सिनर्जी म्हणतो, एकेक मोटर सुटी करायची हेच आपलं काम.

श्रावणात शेजारी सत्यनारायण होता, तिथे मला खरं कळलं की माझं काय गेलंय. गुरुजी तीर्थ देत आले. सगळ्यांचे उजवे हात पुढे, माझा उजवा मांडीवर मूठ वळून पडलेला. मी डावा पुढे केला. भला माणूस, बोलले काही नाहीत, पण पळी क्षणभर हवेत थांबलेली मला दिसली. मग बायकोने माझा उजवा खालून उचलला, एकेक बोट उघडलं, तळवा वाटीसारखा केला, तोवर मागे रांग थांबून. तीर्थ पडलं आणि बोटं परत मिटली, सगळं तिच्या साडीवर. आरतीला टाळ्या कशाने वाजवणार, मी डावा हात मांडीवर आपटत बसलो. घरी डाव्या हाताने जेवायची सवय झाली होती हो, पण पंगतीत कुणी काही म्हणत नसलं तरी आपलाच घास आपल्याला उतरत नाही. त्या रात्री बायको म्हणाली, अहो, ते मशीनचं बघायचं का.

तर मशीन. टेबलाएवढं, त्यावर सांध्यात वाकणारा एक आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला मुठीत बसेल असं हँडल. पंजा पट्ट्याने हँडलला बांधतात, कोपराखाली आधार, आणि छातीला पट्टा, म्हणजे पेशंटने कंबरेतून पुढे वाकून लबाडी करू नये. समोर स्क्रीन, मध्ये एक गोल आणि भोवती घड्याळासारखे आठ गोल. मधून निघायचं, पेटलेल्या गोलापर्यंत जायचं, परत मध्ये, मग पुढचा.

पट्टे बांधायच्या आधी मी डाव्या हाताने तो दांडा ढकलून बघितला. सवय. तो सरकला! तुपात बोट फिरवावं तसा. आता ज्यांनी रोबो बघितलेत त्यांना यातली गंमत कळेल. आमच्या लाइनवरच्या रोबोला ढकलायला जा, हलणार नाही, कारण आत ब्रेक, आणि त्यावर मोटर शंभर फिरते तेव्हा सांधा एक फिरतो असला गिअर, म्हणजे सांध्याकडून ढकलायचं तर आधी त्या सगळ्या गिअरशी कुस्ती. वेल्डिंगला तेच पाहिजे, मिलिमीटर चुकता कामा नये. पण माणसाच्या हाताला असला रोबो बांधला तर माणूस स्वतः काही करूच शकणार नाही, नुसता ओढला जाईल आणि आधीच सैल असलेला खांदा उखडेल. इथे मोटर अशी बसवलेली की मी ढकललं तर ती मुकाट मागे येते.

नंतर मुलीने शोधून सांगितलं की या जातीचं मूळ यंत्र एमआयटीत झालं. आपल्या कोथरूडच्या नव्हे, अमेरिकेतल्या. नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ मध्ये काम सुरू केलं, नाव ठेवलं एमआयटी-मॅनस, आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स गावी बर्क हॉस्पिटलात ते पेशंटवर वापरायला सुरुवात झाली. या होगनसाहेबांचं डोकं आधीपासून एका गोष्टीवर चाललेलं, की रोबोला जागा सांगू नका, स्प्रिंगसारखं वागायला सांगा. कारखान्यात आपण सांगतो की अमुक बिंदूवर जा. याला सांगायचं की हा रस्ता, माणूस रस्त्यावरून चाललाय तर तू नाहीसाच हो, भरकटला तर रबर ताणल्यासारखा हळू ओढ, अडला तर थोडी वाट बघ आणि मग मागून ढकल. मला हे इतकं आवडलं की पहिला आठवडा मी हाताकडे कमी आणि दांड्याकडे जास्त बघत होतो, मॅडम वैतागायच्या.

तिसऱ्या आठवड्यात एकदा भराभर सगळे गोल लागायला लागले. मी खूश, म्हटलं आलं की वळण. मॅडम स्क्रीनच्या दुसऱ्या कोपऱ्यातले आकडे बघत होत्या, म्हणाल्या काका, झोपलात का, शंभरातले वीसेक तुमचे आहेत, बाकी सगळे त्याचे. आणि शपथेवर सांगतो मी फसवत नव्हतो, मला खरंच वाटत होतं की मीच करतोय. शरीर बेरकी असतं हो. चार जण कपाट उचलतात तेव्हा एक जण नुसता हात लावून चालतो आणि शेवटी घाम पुसतो, तसा माझा हात झाला होता. मग त्यांनी मदत कमी केली आणि माझे गोल परत लागायचे बंद झाले, त्या दिवशी मी घरी कुणाशी बोललो नाही.

पण या मशीनचं एक मानावं लागेल, ते कंटाळत नाही. पाऊण तासात माझ्या सहाशे-सातशे हालचाली व्हायच्या, खाली आकडा येतोच. माझ्याकडे घरी जो फिजिओ यायचा, चांगला मुलगा, मनापासून करायचा, पण आधी ताणून सैल करणार, खांदा बघणार, मला उठवणार-बसवणार, एकदा मी सहज मोजलं तर हाताच्या कामाच्या हालचाली चाळीसही नव्हत्या. त्याची चूक नाही, सगळीकडे तेच. अमेरिका-कॅनडातल्या सात ठिकाणची ३१२ सेशन कुणीतरी चक्क बसून मोजली होती, २००९ मध्ये ते छापून आलं, हाताच्या कामाच्या हालचाली एका सेशनला सरासरी ३२. बत्तीस! वेल्डिंगच्या पोराला आम्ही दिवसाला बत्तीस टाके मारून तयार केला असता तर झालंच.

चोवीस सेशन झाली. त्यांच्याकडे एक परीक्षा असते, फूगल-मायर म्हणतात, हाताला ६६ मार्क. माझे २१ होते ते २७ झाले. मॅडम म्हणाल्या काका, छान आहेत. मी येताना पेढे घेतले. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, बरं, मग हा चहा घ्या त्या हाताने.

नाही घेता आला. हात कपापर्यंत गेला, पूर्वी तेही होत नव्हतं, पण मूठ उघडेना, आणि उघडून कप धरून दिला तर उचलताना कोपर दुमडून खांदा वर. मी बराच वेळ त्या कपाकडे बघत बसलो आणि मग मेंटेनन्सवाल्याचं डोकं चालू झालं. मशीनवर हाताचं वजन कोण उचलतं? टेबल. अख्खा हात म्हणजे तीन-साडेतीन किलोचा ऐवज आहे, तो तिथे मला उचलायचाच नव्हता. हँडल कोण धरतं? पट्टा. बोटांना कामच नव्हतं. म्हणजे मी जे शिकलो ते सपाट टेबलावर हात सरकवणं शिकलो, आणि ते मला खरंच यायला लागलं, मार्क खोटे नव्हते. पण चहाचा कप त्या अभ्यासक्रमातच नव्हता.

मुलगी हिंजवडीत असते नोकरीला, ती रात्री बसून यावरचे संशोधनाचे पेपर वाचायची आणि मला सांगायला घाबरायची. शेवटी एकदा म्हणाली बाबा, ब्रिटनमध्ये फार मोठी चाचणी झालीये, २०१९ ला लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात आली, ७७० पेशंट, चार केंद्रं, मशीन म्हणजे तुमच्या मशीनचाच भाऊबंद. तीन गट केले. एकाला रोबो, आठवड्याला तीनदा, पाऊण तास, १२ आठवडे. दुसऱ्याला तेवढाच वेळ माणसाच्या हातून रोजच्या कामांचा सराव. तिसऱ्याला नेहमी मिळतं तेवढंच. तीन महिन्यांनी ज्यांचा हात ठरवलेल्या मापाइतका कामाला यायला लागला असे लोक रोबोवाल्यांत ४४ टक्के, माणसाकडून शिकलेल्यांत ५०, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारात ४२. म्हणजे रोबोने फरक पाडला असं म्हणायला जागाच नाही. आणि गंमत म्हणजे त्या ६६ मार्कांच्या परीक्षेत रोबोवाले नेहमीच्या उपचारवाल्यांच्या पुढे होते, फक्त ते मार्क रोजच्या कामात उतरले नाहीत. मी म्हटलं हे मला आपल्या ओट्यापाशी फुकट कळलं होतं, त्यांना ७७० माणसं लागली. ती हसली नाही.

तरी मी रोबोला नावं ठेवणार नाही. त्याआधीची अजून एक चाचणी आहे, २०१० ची, अमेरिकेतले १२७ माजी सैनिक, झटक्याला किमान सहा महिने उलटून गेलेले, ३६ सेशन, रोबोवर एका सेशनला सरासरी १,०२४ हालचाली. तिथे त्यांनी एक हुशारी केली, एका गटाला तेवढ्याच जोरकस हालचाली माणसाकडून करून घेतल्या. दोन्ही गट सारखेच निघाले. नेहमीच्या उपचारांपेक्षा रोबो लगेच पुढे गेला नाही, पण ३६ आठवड्यांनी बघितलं तेव्हा थोडा पुढे होता. माझ्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं काय, तर जादू मोटरमध्ये नाही, आकड्यात आहे, आणि तो आकडा माणसाकडून काढायचा तर रोज हजार वेळा हात धरून बसणारा माणूस कुठून आणणार आणि त्याला पगार कोण देणार. झटक्याला सहा महिने झाले की आता काही होत नाही, जे आलं ते आलं, असं मलाही दोघांनी सांगितलं होतं. ते सैनिक तर त्याच्याही पुढचे होते. आणि माझे सहा मार्क सातव्या महिन्यानंतरचे आहेत.

पैशाचं सांगतो कारण फोन करणारे शेवटी तेच विचारतात. मला एका सेशनला दीड हजार पडले, म्हणजे चोवीसचे छत्तीस हजार, रिक्षा वेगळी. मेडिक्लेमवाल्यांनी ओपीडी आहे म्हणून हात वर केले. त्यांना दोन्ही हात वर करता येतात.

मग पुढे काय केलं. रोबो बंद केला तेव्हा मॅडमनेच सांगितलं, काका, तुम्हाला जे काम परत हवंय तेच घरी मांडा. मी भोसरीच्या भंगारवाल्याकडून प्लायवूडचा तुकडा आणि बोल्ट आणले, एम २०, एम १६, एम १२, एम १०, एम ८, म्हणजे वीस मिलिमीटर जाडीपासून आठपर्यंत, अशी रांग ठोकली, म्हणजे ठोकली भाच्याने, मी डाव्या हाताने खुणा केल्या. रोज सकाळी नट लावायचे आणि काढायचे. पहिल्या दिवशी एम २० चा नट बोटांत धरायलाच अकरा मिनिटं. बायकोला आधी तो बोर्ड डायनिंग टेबलावर बघवेना, आता तीच घड्याळ लावते आणि वर टोमणे मारते. तिनेच अजून एक केलं, माझा डावा हात फार शहाणा झाला होता, सगळं तोच पुढे होऊन करायचा, तर सकाळी दोन तास त्याच्यावर कढई उचलायचा मोजा चढवायचा. मला वाटलं हिचं डोकं, तर मुलगी म्हणाली बाबा हा उपचारच आहे, एडवर्ड टाउब नावाच्या माणसाने यावरच आयुष्य घालवलं, फक्त आधी बोटं आणि मनगट थोडं तरी हलत असावं लागतं. मोजा चढला की मी चिडतो, शिव्या देतो, आणि उजव्याने करतो.

आणि एक, वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने आणि आयआयटी मद्रासने मिळून प्लूटो नावाचं छोटं यंत्र केलंय, फक्त पंजा आणि मनगटासाठी. मुलीने व्हिडिओ दाखवला. एकच मोटर, आणि तिला वेगवेगळी हँडलं बदलून लावायची, एकाने मनगट, एकाने मूठ उघडणं-मिटणं, एकाने तळवा उलटासुलटा करणं. मेंटेनन्सवाल्याला बघूनच बरं वाटतं, बिघडण्यासारखं कमी. असलं काहीतरी तालुक्याच्या दवाखान्यात टेबलावर ठेवलं तर माझ्यासारख्याला खरा उपयोग, कारण आमचं घोडं बोटांपाशीच अडतं. मी अजून ते हातात धरलेलं नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

तर न्यायचं का वडलांना? परवडत असेल आणि खांदा दुखत नसेल तर न्या, पण तिथे गेल्यावर यंत्र कुठल्या देशाचं हे विचारू नका, ते सगळे आपणहून सांगतात. एका सेशनला किती हालचाली होतात ते विचारा, त्यातल्या स्वतःच्या किती आणि यंत्राच्या किती हे स्क्रीनवर दाखवायला लावा, आणि पट्टे सोडल्यावर लगेच कप, बटण, कुलूप असलं काहीतरी खरं काम करून घेतात का ते बघा. पट्टे सोडून पुढच्या पेशंटला बसवत असतील तर त्या पैशात दुसरं काही होईल. आणि दागिने मोडून जाऊ नका. आमच्या बॅचला एक जण पाटल्या मोडून आले होते, त्यांच्याकडे बघून मला माझे मार्क सांगायची लाज वाटायची.

आता चौदा महिने झाले. एम २० ला वीस सेकंद, एम १६ ला पाऊण मिनिट, एम १२ ला दोन मिनिटं चाळीस. एम १० कधी लागतो कधी नाही. चहाचा कप अजून नाही, स्टीलचा पेला होतो, अर्धा भरलेला आणि गार. मागच्या महिन्यात रामनवमीला देवळात तीर्थ घेतलं, डावा हात उजव्याखाली धरून, बोटं माझी मीच उघडली, थोडं सांडलं. एम ८ चा नट परवा बोटांतून निसटून फ्रिजखाली गेला, झाडूच्या दांड्याने काढायला गेलो तर अजून आत गेला, बायको म्हणतेय राहू दे आता दिवाळीच्या साफसफाईत निघेल, पण भाचा रविवारी येणारे तेव्हा फ्रिज सरकवून घेतो.